रक्तातले इन्सुलिन मोजताना

सकाळी उपाशीपोटी हाताची शीर टोचून रक्त काढले, ते गोठू दिले आणि सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवले की लाल गाळ खाली बसतो आणि वर पिवळसर द्रव उरतो. हे सिरम. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर सिरममध्ये सुमारे ७० मिलिग्रॅम प्रथिने आणि ०.९ मिलिग्रॅम साखर असते. इन्सुलिन असते ते एका ग्रॅमचे साडेतीनशे कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे. साखरेच्या मानाने पाहिले तर तिच्या तीस लाखांव्या हिश्शाहूनही कमी. एवढ्याशा मात्रेवर शरीरातला साखरेचा सगळा कारभार चालतो.

आज तालुक्याच्या गावीही एखाद्या कलेक्शन सेंटरवर जाऊन ‘फास्टिंग इन्सुलिन करायचंय’ म्हटले की कुणाला नवल वाटत नाही. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर रिपोर्ट येतो. त्यात एक आकडा असतो आणि शेजारी रेंज. आकडा रेंजमध्ये असला की माणूस निर्धास्त होतो, बाहेर गेला की धास्तावतो. हा आकडा मोजता येणे हेच मुळात विसाव्या शतकातले एक मोठे आश्चर्य आहे, आणि तो एकटा वाचणे ही त्या आश्चर्याची हेळसांड आहे, असे मला मनापासून वाटते. त्याच वेळी त्याच रक्तात साखर किती होती हे ठाऊक नसेल, तर इन्सुलिनचा आकडा काहीच सांगत नाही.

टोरांटोत १९२१-२२ मध्ये बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लाउड यांनी इन्सुलिन मिळवले. औषध हाती आले, पण ते मोजायचे कसे? तेव्हा एकच मार्ग होता. ते जिवंत प्राण्याला टोचायचे आणि काय होते ते पाहायचे. उपाशी ठेवलेल्या सशाची साखर ठराविक पातळीपर्यंत खाली आणणारी मात्रा म्हणजे एक युनिट, अशा प्रकारे मापे ठरली. आजच्या रिपोर्टवर इन्सुलिनचा आकडा ‘मायक्रो आययू प्रति मिलिलिटर’ असा छापलेला असतो. त्यातल्या युनिटचे मूळ त्या सशांपर्यंत जाते.

औषधाच्या बाटलीतले इन्सुलिन असे मोजता येई, माणसाच्या रक्तातले नाही. ते इतके थोडे की ससा सोडाच, उंदरावरही त्याचा परिणाम दिसायचा नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा १९५७ चा खटला यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. केनेथ बार्लो या परिचारकाची पत्नी बाथटबमध्ये मृतावस्थेत सापडली. डॉक्टरांनी भिंग घेऊन तिची त्वचा तपासली तेव्हा नितंबावर सुईच्या बारीक खुणा दिसल्या. तिथली ऊती कापून तिचा अर्क उंदरांना टोचला, आणि उंदरांत साखर घसरल्याची लक्षणे उमटली. इन्सुलिन देऊन केलेला खून असा सिद्ध झाला. पण तो सुईच्या जागी साठून राहिलेल्या इन्सुलिनमुळे. रक्तातल्या इन्सुलिनवरून काही सिद्ध करायची सोयच तेव्हा नव्हती.

ती सोय त्याच सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, माजी सैनिकांच्या रुग्णालयात, आकार घेत होती. रोझलिन यॅलो ही तिथेच ब्राँक्समध्ये वाढलेली, पदार्थविज्ञान शिकलेली बाई. बायकांना पदार्थविज्ञानात पुढे शिकायची संधी मिळणे कठीण, म्हणून तिने एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली सेक्रेटरीची नोकरी धरली होती आणि स्टेनोग्राफी शिकायचे कबूल केले होते. इतक्यात इलिनॉय विद्यापीठातून बोलावणे आले आणि तिने स्टेनोग्राफीची पुस्तके फाडून टाकली. १९४५ मध्ये अणुपदार्थविज्ञानात पीएच.डी. झाली. १९४७ मध्ये या रुग्णालयात आली तेव्हा झाडूवाल्याच्या सामानाची खोली रिकामी करून तिने तिथे प्रयोगशाळा मांडली. १९५० मध्ये सॉलोमन बर्सन हा तरुण डॉक्टर तिला येऊन मिळाला. तिला किरणोत्सर्गाची भाषा येत होती, त्याला रोग्याची. पुढची बावीस वर्षे ही जोडी फुटली नाही.

मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहाबद्दल तेव्हा एक कल्पना अशी होती की या लोकांच्या शरीरात इन्सुलिन तयार होते, पण यकृतातले एखादे द्रव्य ते झटपट नष्ट करते. हे तपासायला दोघांनी इन्सुलिनच्या रेणूला किरणोत्सर्गी आयोडिन चिकटवले, ते माणसांना टोचले आणि रक्तातून किती वेगाने नाहीसे होते ते पाहिले. निघाले उलटेच. मधुमेहींच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळत होते. आणि मधुमेही असण्याशीही त्याचा संबंध नव्हता. ज्यांना पूर्वी इन्सुलिनची इंजेक्शने मिळाली होती त्यांच्यातच ते रेंगाळत होते. गाय-डुकराच्या इन्सुलिनविरुद्ध त्यांच्या शरीराने प्रतिपिंडे म्हणजे अँटिबॉडी तयार केल्या होत्या, आणि त्या टोचलेल्या इन्सुलिनला धरून ठेवत होत्या.

इन्सुलिनसारख्या लहानशा रेणूविरुद्ध अँटिबॉडी तयार होतच नाहीत, असे त्या काळचे शास्त्र सांगत होते. त्यामुळे निबंध आधी एका नियतकालिकाने परत पाठवला, मग दुसऱ्यानेही नाकारला. शेवटी शीर्षकातून ‘अँटिबॉडी’ हा शब्द काढून, ‘इन्सुलिनला बांधणारे ग्लोब्युलिन’ अशी तडजोड करून तो १९५६ मध्ये छापला गेला. यॅलोने ते नकाराचे पत्र जपून ठेवले आणि १९७७ मध्ये नोबेलच्या व्याख्यानात ते जगाला दाखवले.

खरी करामत त्यानंतरची. नळीत ठराविक अँटिबॉडी घेतल्या, त्यांत ठराविक किरणोत्सर्गी इन्सुलिन घातले आणि वरून साधे इन्सुलिन घातले, तर साधे इन्सुलिन किरणोत्सर्गीला हुसकावून लावते, हे त्यांच्या ध्यानात आले. चाळीस सीटची एसटी धरा. लाल टोपी घातलेले चाळीस जण आत बसले तर एकही उभा राहत नाही. पण त्यांच्याबरोबर बिनटोपीचे काही प्रवासीही चढले आणि सगळ्यांनी सारख्याच चपळाईने जागा धरल्या, तर त्या प्रमाणात लाल टोप्या उभ्या राहतील. बिनटोपीचे मोजायची गरजच नाही. उभ्या राहिलेल्या टोप्या मोजल्या की ते किती चढले याचा हिशेब लागतो. इथे सीट म्हणजे अँटिबॉडी, लाल टोप्या म्हणजे किरणोत्सर्गी इन्सुलिन आणि बिनटोपीचे म्हणजे रोग्याच्या रक्तातले इन्सुलिन. किरणोत्सर्ग मोजणे अतिशय नाजूक मात्रेपर्यंत शक्य असते, म्हणून ग्रॅमचा कोट्यवधींवा भागही पकडीत आला. मानवी इन्सुलिनला घट्ट धरणाऱ्या अँटिबॉडी त्यांनी गिनिपिगमध्ये तयार केल्या. १९५९ मध्ये छोटे टिपण आणि १९६० मध्ये सविस्तर निबंध आला. या पद्धतीला रेडिओइम्युनोअ‍ॅसे म्हणजे आरआयए म्हणतात.

दोघांनी पेटंट घेतले नाही. कोणत्याही देशातला माणूस आला तरी त्याला पद्धत शिकवली. हार्मोन्स, जीवनसत्त्वे, औषधे, रक्तपेढीतल्या बाटल्यांमधला हिपॅटायटिस बी, सगळे याच तत्त्वावर मोजता येऊ लागले. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने ही पद्धत रुजवली आणि पुढे नवी मुंबईतल्या ब्रिट या संस्थेने देशी किट्स पुरवली. बर्सन १९७२ मध्ये गेला. नोबेल मृत व्यक्तीला देत नाहीत, त्यामुळे १९७७ च्या सन्मानात तो नव्हता. यॅलोने प्रयोगशाळेला त्याचे नाव दिले, म्हणजे पुढे तिच्या प्रत्येक निबंधावर पत्त्याच्या रूपाने तरी बर्सनचे नाव छापून येईल.

या मोजणीने पहिली गोष्ट कोणती सांगितली? मोठ्या वयात मधुमेह झालेल्या पुष्कळ लोकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नव्हतेच, उलट निरोगी माणसापेक्षाही जास्त होते. लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थने १९३६ मध्येच सांगितले होते की काही मधुमेहींचे शरीर इन्सुलिनला दाद देते आणि काहींचे देत नाही. त्याने ते साखर आणि इन्सुलिन देऊन, परिणाम पाहून ओळखले होते. आता प्रत्यक्ष पुरावा आला. इन्सुलिनचा तुटवडा हा एक रोग आणि इन्सुलिन असूनही त्याला दाद न मिळणे हा दुसरा, ही आज सर्वांच्या तोंडी असलेली टाइप १ आणि टाइप २ ची फारकत त्यामुळे पक्की झाली. इन्सुलिन रेझिस्टन्स हा शब्द आज जिममध्येही ऐकू येतो, त्यामागे हा इतिहास आहे.

आता लॅबमध्ये किरणोत्सर्गी आयोडिन सहसा दिसत नाही. मशिनमध्ये इन्सुलिनचा रेणू दोन अँटिबॉडींच्या मध्ये पकडतात. एकीने तो धरून ठेवायचा, दुसरीला उजेड देणारे रसायन जोडलेले असते. जितका उजेड तितके इन्सुलिन. केमिल्युमिनेसन्स किंवा सीएलआयए असे रिपोर्टच्या तळाशी लिहिलेले असते ते हेच. वीस मिनिटांत काम होते. मशिन बहुधा चुकत नाही. गफलत होते ती मशिनपर्यंत पोचण्याआधी.

रक्त काढताना टेक्निशियनच्या ट्रेमध्ये वेगवेगळ्या टोपणांच्या नळ्या असतात. साखरेसाठी करड्या टोपणाची, कारण तिच्यातले फ्लोराइड रक्तपेशींना साखर खाऊ देत नाही. तीन महिन्यांच्या सरासरीसाठी, म्हणजे एचबीएवनसीसाठी, जांभळ्या टोपणाची. इन्सुलिनसाठी लाल किंवा पिवळ्या टोपणाची. शीर सापडेना म्हणून सुई आत फिरवली, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला, किंवा नळी घुसळून हलवली तर लाल पेशी फुटतात आणि सिरम पिवळसर न राहता गुलाबी दिसते. त्याला हिमोलाइज्ड सॅम्पल म्हणतात. लाल पेशींच्या पोटात इन्सुलिन तोडणारे विकर असते. पेशी फुटल्या की ते बाहेर येऊन नळीतल्या नळीतच इन्सुलिन खाऊ लागते आणि आकडा खोटा कमी येतो. चांगली लॅब गुलाबी सिरमवर इन्सुलिन करत नाही, पुन्हा रक्त मागवते. तेव्हा रोग्याने चिडू नये. दुसऱ्यांदा टोचणारी लॅब आपले काम चोख करत असते. खेड्यातल्या कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेली नळी सिरम वेगळे न करताच दुपारपर्यंत उन्हातून मोटारसायकलवर शहरात जात असेल, तर त्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

दुसरी गफलत केसांसाठीच्या गोळ्यांची. केस-नखांसाठी म्हणून मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कित्येक गोळ्यांत बायोटिन भरपूर असते. बऱ्याच मशिनच्या रसायनांत पकड बसवायला बायोटिनचाच उपयोग केलेला असतो. रक्तात बायोटिन जास्त असले तर पकड बिघडते आणि या पद्धतीच्या चाचणीत इन्सुलिन खरे असते त्याहून कमी दिसते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये अशा चाचण्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायला जाण्याआधी या गोळ्यांचे नाव टेक्निशियनला आणि डॉक्टरला सांगावे. किती दिवस बंद ठेवायच्या ते मात्रेवर अवलंबून असते आणि ते तेच सांगतील.

तिसरी गोष्ट शरीराचीच. स्वादुपिंड इन्सुलिन धारेने सोडत नाही, काही काही मिनिटांच्या अंतराने लाटेलाटेने सोडते. सुटलेले इन्सुलिन आधी यकृतात जाते आणि तिथे त्यातले जवळजवळ निम्मे संपते. उरलेले रक्तात फिरते, त्याचे अर्धे आयुष्य चार ते सहा मिनिटांचे. म्हणजे हातातून काढलेले सॅम्पल हे स्वादुपिंडातून निघालेल्या इन्सुलिनचे यकृताने चाळून दिलेले, त्या क्षणापुरते उरलेले रूप आहे. त्यात रात्रीची झोप, आदल्या दिवशीचा व्यायाम, ताप, स्टेरॉइडची गोळी यांची भर. एकाच निरोगी माणसाचे उपाशीपोटीचे इन्सुलिन वेगवेगळ्या दिवशी वीस टक्क्यांच्या आसपास सहज बदलते. आज १४ आले आणि महिन्याने ११, तर काही बदलले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

शिवाय लॅबालॅबांत फरक. एकाच सिरमचे दोन भाग करून दोन कंपन्यांच्या मशिनवर लावले तर दोन वेगळे आकडे येतात. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या समितीने १९९६ मध्ये ही विसंगती मांडली आणि मोजमापात एकवाक्यता आणायचे प्रयत्न तेव्हापासून चालू आहेत. म्हणूनच कुठे रेंज २ ते २५ छापलेली असते, कुठे वेगळीच. एकाच माणसाची तुलना करायची तर एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी, तितक्याच उपाशीपोटी केलेल्या चाचण्यांची करावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तीन माणसे घ्या. पहिल्याची उपाशीपोटी साखर ८८ आणि इन्सुलिन ६. उत्तम. थोड्या इन्सुलिनमध्ये काम भागते आहे. दुसऱ्याची साखर २४० आणि इन्सुलिन तेच ६. रिपोर्टवर हे ६ अगदी रेंजमध्ये बसते, कुठेही लाल खूण नाही. पण २४० साखर समोर दिसत असताना स्वादुपिंडाने इन्सुलिनचा पूर सोडायला हवा होता. तो सुटत नाही, याचा अर्थ ते थकले आहे. तिसऱ्याची साखर ४८, घाम फुटलेला, बोलणे अडखळते, आणि इन्सुलिन पुन्हा तेच ६. साखर इतकी खाली गेल्यावर निरोगी स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बंद करते. इथे ते चालूच आहे. हा इन्सुलिन ओकणाऱ्या गाठीचा रोगी असू शकतो. आकडा एकच; एक निरोगी, एक मधुमेही, एकाला शस्त्रक्रियेची गरज पडण्याची शक्यता.

साखर आणि इन्सुलिन एकत्र वाचायची एक सोपी रीत ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दिली. तिला होमा-आयआर म्हणतात. उपाशीपोटीची साखर (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. साखर ९० आणि इन्सुलिन साडेचार असेल तर उत्तर नेमके १. साखर ९८ आणि इन्सुलिन २० असेल तर उत्तर ४.८ येते, साखर जाग्यावर आहे, पण ती जाग्यावर ठेवायला स्वादुपिंडाला चौपटीहून जास्त खपावे लागते आहे. हाच इन्सुलिन रेझिस्टन्स. किती आकड्याला धोका म्हणायचे यावर एकमत नाही; कुणी २ धरतात, कुणी २.५, कुणी ३. मोठ्या समूहांचा अभ्यास करायला हे गणित फार उपयोगी आहे. एका माणसावर निकाल द्यायला मात्र ते तोकडे आहे, आणि ज्याचे स्वादुपिंड थकले आहे किंवा जो इन्सुलिनची इंजेक्शने घेतो त्याच्यावर तर लावूच नये. रेझिस्टन्स अचूक मोजायचा तर शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज सोडत काही तास साखर एकाच पातळीवर राखावी लागते. या तपासणीला क्लॅम्प म्हणतात आणि ती संशोधन केंद्रांतच होते.

महाराष्ट्रात ही तपासणी घरोघरी पोचली त्याचे बरेचसे श्रेय डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या व्याख्यानांना जाते. नागपूरच्या कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवर उभी असलेली दोन वेळा जेवणाची मोहीम त्यांनी गावोगावी नेली आणि सुरू करण्याआधी उपाशीपोटीचे इन्सुलिन आणि एचबीएवनसी करून घ्यायला सांगितले. आहारपद्धतीबद्दल डॉक्टरांत मतभेद आहेत, त्यात मी इथे शिरत नाही. साखर वाढायच्या कित्येक वर्षे आधी इन्सुलिन वाढलेले असते, ही शास्त्रातली महत्त्वाची गोष्ट या निमित्ताने सामान्य माणसाच्या कानावर गेली, हे मोलाचे आहे. खटकते ते पुढचे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकड्यांची तुलना सुरू होते, तुझे ९ तर माझे ७. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या मशिनवरच्या या आकड्यांची एकमेकांशी तुलना होऊच शकत नाही.

मधुमेहाचे निदान इन्सुलिनवरून करत नाहीत. त्याचे निकष साखरेचे आहेत: उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, आणि लक्षणे नसतील तर निदान पक्के करायला दुसऱ्यांदा खात्री. पीसीओडी म्हणजेच पीसीओएस असलेल्या मुलींनाही ही तपासणी सर्रास लिहून दिली जाते; तिथेही पीसीओएसच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की नेहमीच्या उपचारांत इन्सुलिन मोजायची शिफारस नाही, कारण आकडा पुरेसा भरवशाचा नाही.

मग रेझिस्टन्स ओळखायचा कसा? पुष्कळदा तो उघड्या डोळ्यांना दिसतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर, ट्रायग्लिसराइड १५० च्या पुढे, एचडीएल खाली. आणि मान. मानेच्या मागे, काखेत, त्वचा काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. रक्तात इन्सुलिन दीर्घकाळ चढे राहिले की त्वचेच्या पेशी वाढू लागतात, त्याची ही खूण. आपल्याकडे किती घरांत आई मुलाची मान वज्रीने, दगडाने, लिंबाने घासून लाल करते! तो मळ नसतो. घासून हा काळेपणा जात नाही, वजन उतरले की फिकट होतो. अशी मान दिसली तर इन्सुलिनच्या चाचणीवर पैसे घालवण्याआधी मुलाची साखर, चरबी आणि रक्तदाब पाहावा.

इन्सुलिनच्या मोजणीचे सोने झाले ते संशोधनात, आणि त्यातला एक मोठा अध्याय पुण्यात लिहिला गेला. केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या मुलांना ग्लुकोज पाजून अर्ध्या तासाने रक्त तपासले. जन्मतः वजन कमी असलेल्या मुलांच्या रक्तात साखर आणि इन्सुलिन दोन्ही जास्त निघाले. त्यातली बहुतेक मुले अंगाने लहानखुरी, लठ्ठपणाचा मागमूस नाही. हा निबंध १९९५ चा. पुढे त्यांनी पुणे आणि लंडन इथल्या नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तपासले. पुण्यातली बाळे वजनाने पुष्कळ हलकी, पण चरबी टिकवून असलेली, आणि नाळेच्या रक्तात इन्सुलिन लंडनच्या बाळांपेक्षा जास्त. म्हणजे रेझिस्टन्सची सुरुवात आपल्याकडे वडापावाच्या गाडीवर होत नाही, आईच्या पोटात होते. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो, याचे उत्तर शोधायची वाट या अभ्यासांनी दाखवली. गरोदर बाईचे पोषण हा मधुमेहाचाही प्रश्न आहे, हे त्यातून निघते, आणि सरकारी योजना आखणाऱ्यांनी ते अजून पुरते मनावर घेतलेले नाही असे मला वाटते.

दवाखान्यात ही तपासणी खरोखर लागते ती साखर अचानक कोसळणाऱ्या रोग्याला. मधुमेह नाही, तरी पहाटे घाम, थरथर, विचित्र वागणे, आणि साखर-पाणी दिले की शुद्धीवर. अशा माणसाला रुग्णालयात ठेवून, डॉक्टरांच्या नजरेखाली, पाण्याखेरीज काही न देता ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतात. दर काही तासांनी रक्त. साखर ५५ च्या खाली गेली आणि लक्षणे दिसली की त्या क्षणी इन्सुलिन पाहायचे. ते ३ किंवा त्याहून जास्त निघाले तर गडबड आहे. एरवी उपाशीपोटी ३ आले तर आपण पेढे वाटू! इथे तेच ३ स्वादुपिंडातल्या मटारएवढ्या गाठीचा माग दाखवते. या गाठी बहुतेक साध्या असतात आणि शस्त्रक्रियेने माणूस कायमचा बरा होतो.

पण इन्सुलिन जास्त निघाले म्हणजे गाठच असे नाही. ते बाहेरून टोचलेले असू शकते. इथे दुसरी एक मोजणी कामी येते. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनरने १९६७ मध्ये दाखवले की स्वादुपिंड इन्सुलिन थेट बनवत नाही. आधी प्रोइन्सुलिन नावाची लांब साखळी बनते, मग तिचा मधला तुकडा कापला जातो. हा तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. जितके इन्सुलिन सुटते तितकेच सी-पेप्टाइड सुटते. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये ते नसते. म्हणून साखर खाली, इन्सुलिन वर आणि सी-पेप्टाइड जवळजवळ शून्य असे दिसले तर इन्सुलिन सुईतून आले आहे. दोन्ही वर असतील तर गाठ, किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चुकून पोटात गेलेली. एकाच घरात आजोबांच्या आणि आजींच्या गोळ्या एका डब्यात असल्या की हे घडते, आणि डॉक्टर गाठ शोधत बसण्याआधी तो डबा मागवतात.

सी-पेप्टाइडचा आणखी एक मोठा उपयोग आहे. यकृत ते खात नाही आणि रक्तातले त्याचे अर्धे आयुष्य सुमारे अर्ध्या तासाचे असते, म्हणून त्याचा आकडा इन्सुलिनपेक्षा स्थिर असतो. मूत्रपिंड बिघडलेले असेल तर तेवढे ते वाढलेले दिसते, हे ध्यानात ठेवायचे. जो इन्सुलिनची इंजेक्शने घेतो त्याचे इन्सुलिन मोजणे निरर्थक, कारण त्यात टोचलेलेही येते आणि अँटिबॉडी मोजणीत घोळ घालतात. त्याचे स्वतःचे किती शिल्लक आहे हे सी-पेप्टाइडच सांगते. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, अंगाने बारीक, मधुमेह निघाला. टाइप १ समजून इन्सुलिन सुरू केले. पाच वर्षांनीही सी-पेप्टाइड चांगले असेल, टाइप १ च्या अँटिबॉडी नसतील आणि वडील, आजी अशा पिढ्यांत तरुणपणीच मधुमेह झालेला असेल, तर हा मोडी नावाचा, एकाच जनुकातल्या दोषाने होणारा मधुमेह असू शकतो. तेव्हा जनुकीय तपासणी करतात. त्यातल्या एचएनएफ१ए या प्रकारात इंजेक्शनऐवजी सल्फोनिलयुरिया गटातल्या (ग्लिमेपिराइडसारख्या) गोळीच्या छोट्याशा मात्रेवर साखर आटोक्यात राहू शकते. हा बदल तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचा. टाइप १ असलेल्या माणसाने आपल्या मनाने इन्सुलिन थांबवले तर जिवावर बेतते. मोडी निघाला तर भावाबहिणींची आणि पुढे मुलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण आईवडिलांपैकी एकात हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते.